पाव टाकी दाखवत गाडी बंद पडली! जुन्या गाडीचा पेट्रोल काटा घरच्या घरी सेट करायचा कसा

मागच्या श्रावणात एका रविवारी सकाळी सातला जोतिबाला निघालो, आई, बायको, आत्या आणि मांडीवर नारळ-गुलालाची पिशवी, काटा पाव टाकी दाखवत होता म्हणजे माझ्या हिशोबानं बारा-तेरा लिटर कुठं गेलं नाही, आणि केर्ली सोडून चढ लागला तसं अँबेसिडरनं दोनदा खोकून मान टाकली. झाकण उघडून हलवली तर टाकीत डबडब पण नाही. काटा मात्र तिथंच, पावावर, ढिम्म. आत्या म्हणाली चांगभलं म्हण आणि ढकल. एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागं बसून पेट्रोल आणायला गेलो आणि जाता-येता एकच डोक्यात, की हा काटा आता स्वतः बसून सरळ करायचा.

केला. दोन रविवार गेले, आणि आधी गेलेले चार रविवार चुकीच्या टोकापासून सुरुवात केली म्हणून गेले. त्यामुळं लिहितोय. गाडी माझी १९७२ ची मार्क टू, पण पद्धत फियाट, जीप, स्टँडर्ड, कशालाही तीच.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की काटा चुकतोय म्हणजे मीटर चुकतंय असं नसतंय. काट्यामागं चार गोष्टी असतात, टाकीतलं युनिट (फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, त्याचा दांडा आणि त्याला जोडलेली रेझिस्टन्सची तार), तिथनं डॅशबोर्डपर्यंतची वायर, अर्थ (म्हणजे अर्थिंग, करंटचा गाडीच्या लोखंडातनं बॅटरीकडं परतायचा रस्ता), आणि मग डॅशबोर्डवरचं मीटर. आपण काय करतो, डॅशबोर्ड हाताला लागतंय म्हणून पहिल्यांदा मीटर उघडतो आणि त्याचे स्क्रू पिळतो. माझ्या गाडीत माझ्या आधी कुणीतरी नेमकं हेच केलेलं, अर्थ खराब होता आणि पठ्ठ्यानं मीटरची कॉइल सरकवून हिशोब जुळवलेला. अर्थ अजून खराब झाला तसा हिशोब परत बिघडला. म्हणून क्रम असा ठेवायचा: अर्थ, वायर, युनिट, आणि मीटर सगळ्यात शेवटी.

तुमचा काटा कुठल्या जातीचा

जुन्या गाड्यांत मुख्य दोन प्रकार भेटतात आणि दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलटे चालतात, त्यामुळं हे ओळखल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

किल्ली ऑन केल्यावर काटा झटक्यात उडून जागेवर जात असेल आणि स्पीडब्रेकरवर थरथरत असेल तर तो कॉइलवाला. आत दोन कॉइल आणि मधे लोखंडाचा छोटा तुकडा, त्यालाच काटा जोडलेला. एक कॉइल काट्याला रिकाम्याकडं ओढते, दुसरी फुल्लकडं. टाकी रिकामी असताना युनिटचा रेझिस्टन्स जवळपास शून्य, म्हणजे दुसऱ्या कॉइलचा करंट युनिटमधनंच निघून जातो आणि काटा रिकाम्यावर बसतो. टाकी भरत जाईल तसा रेझिस्टन्स वाढतो, स्मिथ्सच्या जुन्या मीटरात साधारण सत्तर ओहमपर्यंत. दोन कॉइलची ही रस्सीखेच असल्यामुळं बॅटरी जरा खाली-वर झाली तरी दोघींवर सारखाच परिणाम होतो आणि काटा फारसा फसत नाही.

किल्ली ऑन केल्यावर काटा निवांत, अर्धा-एक मिनिट घेऊन वर चढत असेल तर तो पत्तीवाला. आत दोन धातूंची पत्ती आणि तिच्याभोवती गुंडाळलेली हीटरची तार, करंट जास्त गेला की पत्ती गरम होऊन वाकते आणि काट्याला ढकलते. यात रिकाम्या टाकीला रेझिस्टन्स जास्त, दोनशे-अडीचशे ओहमच्या घरात, आणि फुल्लला वीस-तीसच्या आसपास. हा प्रकार व्होल्टेजला लई हळवा, म्हणून त्याच्यामागं दहा व्होल्टचा स्टॅबिलायझर लावलेला असतो. तेच स्टॅबिलायझर टेम्परेचरच्या काट्याला पण पुरवतं, तर पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकदमच जास्त किंवा एकदमच कमी दाखवायला लागले तर टाकीकडं जाऊच नका, आधी स्टॅबिलायझर आणि त्याचा अर्थ बघा. त्याची डबी बॉडीला जिथं चिकटते तिथंच त्याचा अर्थ असतो आणि मागं कुणी रंग मारला असला की झाली गंमत.

खात्रीची टेस्ट अशी. किल्ली बंद करा, टाकीच्या युनिटवरनं वायर काढा, तिला सहा-सात फुटांची जादा वायर जोडून टाकीपासनं लांब न्या. वायर कुठंच टेकू न देता किल्ली ऑन करा. कॉइलवाला असेल तर काटा फुल्लच्याही पलीकडं जाईल, पत्तीवाला रिकाम्यावर बसून राहील. किल्ली बंद. आता वायरचं टोक बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावून परत किल्ली ऑन. कॉइलवाला रिकाम्यावर येणार, पत्तीवाला फुल्लकडं चढायला लागणार. पत्तीवाल्याला हे एक-दोन सेकंदच करायचं, जास्त वेळ धरलंत तर आतली तार जळते आणि मग मीटर शोकेसमधे ठेवायच्या लायकीचं. दोन्ही वेळा काटा बरोबर वागला म्हणजे मीटर जिवंत आहे, वायर सलग आहे, भानगड टाकीकडं आहे. किती सोपं आहे बघा, आणि मला हे चौथ्या रविवारी सुचलं.

पेट्रोलशी मस्ती नको

थोडक्यात सांगतो पण गंभीरपणे सांगतो. टाकी उघडायचं काम उघड्यावर, सावलीत, बंद गॅरेजमधे अजिबात नाही. बॅटरीची अर्थ केबल आधी काढायची. विडी-सिगरेट, ग्राइंडर, हॅलोजन, शेजारच्या वेल्डिंगवाल्याची ठिणगी, सगळं लांब. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक, कारण तिच्यात वाफ असते. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, वाळूची बादली पण चालेल पण ठेवा. युनिट फिरवायला लोखंडी छिन्नी-हातोडा नको, लाकडाचा नाहीतर पितळेचा तुकडा घ्या.

अर्थ आणि वायर

बॅटरीची केबल काढलेलीच आहे, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि त्या केबलचं सुटं टोक आणि टाकीचा पत्रा याच्यामधला रेझिस्टन्स बघा. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून त्यांचा स्वतःचा आकडा बघून घ्या, तो वजा करायचा. अर्ध्या ओहमच्या आत पाहिजे. माझ्याकडं काय आला? चौदा. आणि टाकीला बुक्की मारली की नऊ, परत बावीस, परत चौदा.

आता हिशोब करा. कॉइलवाल्या मीटरला फुल्ल म्हणजे सत्तर ओहम, त्यात गंजानं चौदा ओहम फुकटचे दिले म्हणजे रिकाम्या टाकीला काटा पावाजवळ जाणारच. तेच पत्तीवाल्यात उलटं होतं, तिथं रेझिस्टन्स वाढला की काटा कमी दाखवतो, म्हणजे तो निदान रस्त्यात तरी सोडत नाही. कॉइलवाल्या गाडीचा खराब अर्थ हा खोटा आधार देतो, मला केर्लीत दिला तसा.

उपाय साधा आहे. टाकी ज्या बोल्टांनी बसते तिथला रंग-गंज खरवडून लोखंड चकचकीत करायचं, आणि वर एक वेगळी अर्थ वायर टाकायची, युनिटच्या स्क्रूपासनं थेट चासीच्या साफ केलेल्या बोल्टपर्यंत, रिंग टर्मिनल दाबून, वरनं ग्रीस. नुसत्या पत्र्याच्या टेकण्यावर विश्वास नको, कोल्हापूरचा पाऊस चार महिने खालनं मारतोय. माझा आकडा चौदावरनं ०.२ वर आला.

मीटरच्या डबीला पण स्वतःचा अर्थ लागतो, कॉइलवाल्याला तर नक्कीच, नाहीतर फुल्लकडं ओढणारी कॉइल झोपून राहते आणि काटा उठतच नाही. डॅशबोर्डच्या पत्र्याला कुणी जाड रंग मारला असेल तर तिथं पण तोच खेळ.

वायरचं जास्त सांगत नाही. डिकीच्या बिजागरीजवळ, मागच्या सीटखाली आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातल्या रबरात ती घासते. घासून बॉडीला टेकली की कॉइलवाला कायम रिकामा, पत्तीवाला कायम फुल्ल. तुटली की उलट. संशय असेल तर नवीन ओढा, फार तर एक दुपार जाते.

टाकीतलं युनिट, खरी मजा इथं

युनिट काढायच्या आधी त्याच्याभोवतीची माती ब्रशनं आणि हवेनं साफ करा, नाहीतर सगळी टाकीत जाते. युनिट टाकीच्या वरच्या पत्र्यावर असेल तर ठीक, बाजूला असेल तर पेट्रोलची पातळी त्याच्याखाली आणल्याशिवाय एक स्क्रू सुद्धा ढिला करू नका. माझी टाकी गंज काढायला खालीच उतरवलेली होती त्यामुळं मला आयतं मिळालं. दांडा वाकडा न करता, फ्लोट तिरका करत हळू बाहेर घ्या. कुठल्या तोंडानं बसलं होतं त्याची खूण आधीच मारा.

टाकीचं भोक कापडानं आणि वरनं टेपनं बंद. युनिट पुसून पूर्ण वाळू द्या, टाकीपासनं लांब न्या, मगच मल्टिमीटर लावा.

दांडा सगळ्यात खाली ठेवून रेझिस्टन्स लिहा, मधे ठेवून लिहा, वर नेऊन लिहा. माझं खाली ४, मधे ३३, वर ७१. आकडे छान होते, पण हळूहळू दांडा वर नेताना पावाच्या थोडं पुढं मल्टिमीटर एकदम कोरं, म्हणजे तिथं संपर्कच तुटत होता. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. कॉइलवाल्याला तुटलेली वायर म्हणजे फुल्ल टाकी! गेली दोन वर्षं पावाच्या आसपास कावळा नाक्याच्या खड्ड्यातनं जाताना काटा मधेच उडून फुल्लवर जायचा आणि बायको म्हणायची, बघा, पेट्रोल आपोआप भरलं. तार तिथंच झिजते कारण आपण सगळे आयुष्यभर पाव ते अर्ध्यातच गाडी चालवतो. हे बघायला डिजिटलपेक्षा जुना काट्याचा मल्टिमीटर बरा, त्यात सुई दचकलेली लगेच दिसते.

झिजलेल्या तारेला पॉलिश पेपर लावू नका, केसाएवढी बारीक तार असते, एकदा तुटली की संपलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशनं पुसा, आणि जी पत्ती तारेवर सरकते ती टोकदार पक्कडीनं अगदी किंचित आत वाकवा म्हणजे नवीन, न झिजलेल्या रेषेवर टेकेल. माझं एवढ्यावर भागलं. नाही भागलं तर शिवाजी उद्यमनगरात जुन्या मीटरची कामं करणारे कारागीर सापडतात, ते तार परत गुंडाळून देतात. जिथं ऑइल इंजिनापासनं सगळं घडवलं त्या गावात एक तार गुंडाळायला माणूस मिळणार नाही असं होत नाही, पण उद्या या, परवा या ऐकायची तयारी ठेवा.

आता फ्लोट. पितळी असेल तर कानाजवळ हलवा, आत चुळचुळ झाली तर आत पेट्रोल शिरलंय, तो जड होऊन खालीच पोहतो आणि काटा कायम कमी दाखवतो. भोक शोधायला फ्लोट गरम पाण्यात बुडवा, जिथनं बुडबुडे येतात ते भोक. आतलं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढा, दोन दिवस उन्हात वाळवा आणि मगच कथलाचा डाग द्या, तोही बाहेर तापवून आणलेल्या सोल्डरिंगच्या इस्त्रीनं, ब्लो लॅम्प अजिबात नको. डाग जेवढा लहान तेवढा चांगला, कथलाचं वजन पण मोजलं जातं.

फ्लोट बुचाचा असेल तर सरळ बदला. जुन्या बुचाला लाखेचा थर असायचा, लाख अल्कोहोलमधे विरघळते, आणि आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमधे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. थर गेला की बूच पेट्रोल पिऊन फुगतं आणि हळूहळू बुडतं. रबराची सील पण याच कारणानं मऊ पडते, नवीन घेताना इथेनॉलला टिकणारी मागा.

आणि फ्लोट तरंगतोय का हे पाण्यात बघू नका, पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, पाण्यात मस्त पोहणारा फ्लोट पेट्रोलमधे अर्धा बुडलेला दिसेल. धातूच्या डब्यात पेट्रोल घेऊनच बघायचं.

पुठ्ठ्यावरची टाकी

ही माझी आवडती पायरी. टाकीच्या भोकातनं कोरडी काठी घालून तळापर्यंतची खोली मोजा. एका मोठ्या पुठ्ठ्यावर युनिटची बसायची जागा, टाकीचा तळ आणि टाकीचं छत मापानं आखा आणि युनिट तिथं धरून दांडा वर-खाली करा. डोळ्यांनी दिसतं की फ्लोट तळाला टेकतोय का, छताला आदळतोय का, की तळापासून चार बोटं वरच थांबतोय.

माझा दांडा कुणीतरी वाकवलेला, तळापासून जवळजवळ दीड इंच वर थांबायचा, म्हणजे टाकीत सात-आठ लिटर असतानाच युनिट म्हणायचं आता शून्य. दांडा वाकवताना तो मुळाशी पक्कडीत धरा, जोर तारेच्या बाजूला जाऊ देऊ नका, आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. तळापासून पाच-सहा मिलिमीटर मोकळे ठेवा. एक लक्षात घ्या, दांडा वाकवला की खालचं आणि वरचं दोन्ही टोक एकदम सरकतं, म्हणून इथं फक्त खालचं टोक जुळवायचं, वरचं मीटरवर बघू.

मीटर टेबलावर

आता, आणि आत्ताच, मीटर काढायचं. घरच्या टेबलावर बारा व्होल्टची बॅटरी, पॉझिटिव्हच्या वायरमधे एक अँपिअरचा फ्यूज. वायर मीटरच्या बी (बॅटरीच्या) टर्मिनलला, डबी निगेटिव्हला, आणि टी (टाकीच्या) टर्मिनल व निगेटिव्हच्या मधे शंभर ओहमचा वायरवाउंड पॉट (फिरवून रेझिस्टन्स कमी-जास्त करता येतो तो), पाच वॅटचा घ्या, रेडिओतला बारका घेतलात तर धूर निघेल. पत्तीवाल्याला अडीचशे-तीनशे ओहमचा पॉट लागेल आणि बारा नाही, स्टॅबिलायझरमधनं दहा व्होल्टच द्यायचे, आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबूनच काटा वाचायचा.

पॉट तुमच्या युनिटच्या खालच्या आकड्यावर ठेवा, माझा ४. काटा रिकाम्याच्या रेषेवर येतोय का? मग वरच्या आकड्यावर, फुल्लच्या रेषेवर येतोय का? पुस्तकातला आकडा विसरा, तुमच्या युनिटचा जो आहे तोच खरा.

नाही येत तर कॉइलवाल्या मीटरच्या पाठीमागं लांबट खाचेत बसलेले दोन छोटे षटकोनी डोक्याचे स्क्रू दिसतील, प्रत्येक कॉइलचा एक. सध्याची जागा पेन्सिलनं रेघ मारून ठेवा. स्क्रू नुसता सैल करा, काढू नका, आणि कॉइल नखानं ढकलल्यासारखी सरकवा. अर्धा मिलिमीटर सुद्धा काट्याला भरपूर होतो. कुठली कॉइल कुठलं टोक हलवते ते एकदा ढकललं की कळतंच. गंमत अशी की एक टोक जुळवलं की दुसरं थोडं सरकतं, मग ते जुळवा, मग परत पहिलं. माझ्या पाच फेऱ्या झाल्या, आईनं दोनदा विचारलं जेवायला कधी येणारेस.

पत्तीवाल्याच्या पाठीमागं दोन बारीक भोकं असतात, बहुतेक वेळा बुचानं बंद केलेली, आत दातेरी तुकडे. बारीक स्क्रू ड्रायव्हरनं दाता-दातानं हलवायचे, एक रिकाम्यासाठी, एक फुल्लसाठी, फेऱ्या तशाच.

स्टॅबिलायझर मेला असेल तर ७८१० नंबरचा तीन पायांचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चहा-वड्याच्या पैशात मिळतो, आत-बाहेर एकेक कपॅसिटर लावून जुन्या डबीतच लपवता येतो. निगेटिव्ह अर्थच्या गाडीलाच हं, पॉझिटिव्ह अर्थ असेल तर हा नाही चालत. याला बाहेर दहा द्यायला आत बाराच्या आसपास लागतात, त्यामुळं बॅटरी उतरलेली असताना काटा वाचू नका.

दोन्ही टोकं शंभर टक्के जुळत नसतील तर फुल्लचं सोडून द्या. फुल्लवर काटा थोडा कमी-जास्त दाखवला म्हणून आजवर कुणी गाडी ढकललेली नाही. रिकाम्याचं टोक मात्र तंतोतंत पाहिजे, तिथं मी स्वतःशी पण तडजोड केली नाही.

लिटर मोजून खरी परीक्षा

सगळं परत बसवा, टाकी पूर्ण रिकामी असू दे. गाडी सपाटीला पाहिजे, आणि कोल्हापुरात सपाटी डोळ्यांनी ठरवू नका. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आणा, पुढच्या-मागच्या चाकाजवळची जमीन ताडून बघा. चारी चाकांत हवा नेमलेली असावी, डिकीत सामान नको.

घरी धातूच्या कॅनमधनं, पाच-पाच लिटर टाकत जायचं. विनापरवाना पेट्रोल घरात ३० लिटरच्या वर ठेवायला १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात मुभा नाही, आणि खरं सांगू, ३० पण घरात नकोच. मी १० लिटर घरी केलं आणि बाकीचं पंपावर. सकाळी सहाला गर्दी नसताना गेलो, पाच लिटर घ्यायचं, इंजिन चालू करून पलीकडच्या सपाट जागेत न्यायचं, दोन मिनिटं थांबून काटा लिहायचा, परत पंपावर. तिसऱ्या फेरीला तो पोरगा म्हणाला, "काका, एकदाच टाका की, पैशे नाहीत काय?" त्याला वही दाखवली तर तोच पाचव्या फेरीला विचारायला लागला किती आला. पंपाच्या मापाची शंका असेल तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर असतं, मागितलं की दाखवावंच लागतं.

माझी वही अशी: ५ लिटरला काटा रिकाम्याच्या रेषेवर. १० ला किंचित वर. १५ ला पाव. अर्ध्याला २६ लागले, पाऊणला ३९ आणि ५० ला फुल्ल, टाकी ५४ ची. पाव ते अर्धा ११ लिटर आणि अर्धा ते पाऊण १३, कारण टाकी म्हणजे काय चौकोनी डबा नाही, कोपरे गोल, मधे दाबलेली. हा फरक कुठल्याच स्क्रूनं जात नाही, त्यामागं लागू नका.

रिकाम्याची रेषा ५ लिटरवर मी मुद्दाम ठेवली. टाकीच्या तळाचं शेवटचं दोन-अडीच लिटर चढाला पाइपात येतच नाही, आणि पन्हाळ्याच्या घाटात पेट्रोल मागं जमा झालं की काटा तसाही वेडावाकडा होतो, त्यामुळं चढ-उताराला वाचलेला काटा धरायचाच नाही.

भलतंच युनिट बसलेलं असेल तर

हे बऱ्याच गाड्यांत निघतं. एका ओळखीच्या जीपमधे कुठल्यातरी गॅरेजनं मिळेल ते "युनिव्हर्सल" युनिट बसवलेलं, २४० ते ३३ ओहमचं, आणि मीटर कॉइलवालं. टाकी फुल्ल केली की काटा अर्ध्याकडं, पेट्रोल संपत आलं की फुल्लच्या पलीकडं! मालक दोन वर्षं उलटा हिशोब करून चालवत होता, त्याला सवय पण झालेली. इथं कुठलाही रेझिस्टर मदत करत नाही, जातीला जातीचं युनिटच पाहिजे.

पण जात तीच आणि आकडे थोडे इकडं-तिकडं असतील तर रेझिस्टर लावून भागतं. पत्तीवाल्यात फुल्लला ३० पाहिजेत आणि युनिट २० देतंय तर वायरमधे सिरीजला १० ओहम, रिकाम्याच्या २४० चे २५० होतील, काट्याला कळणार पण नाही. उलट रिकाम्याला युनिट ३०० देतंय आणि २४० पाहिजेत तर टी आणि अर्थच्या मधे १२०० ओहम पॅरलल, फुल्लचे ३० तसेच राहतात. कॉइलवाल्यात फुल्लला ८० येतायत आणि ७० पाहिजेत तर ५६० ओहम पॅरलल, खालच्या ४ ला धक्का लागत नाही. दोन वॅटचे रेझिस्टर घ्या आणि डॅशबोर्डच्या मागं लावा, टाकीजवळ नको.

मूळ मीटर आणि मूळ युनिट दोन्ही दुरुस्त होत असतील तर तेच ठेवा असं माझं मत. २०२१ पासनं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवायची सोय झालीय, त्यात गाडी मूळ रूपात असावी ही अट आहे, आणि तसंही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बघून आलेल्या गावात डॅशबोर्डवर चायनाचा डिजिटल आकडा लुकलुकताना बरा दिसत नाही.

सगळं झाल्यावर वहीतले आकडे एका जाड कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतनं चिकटवलेत. पुठ्ठ्याच्या टाकीवरची मापं वापरून वेताची एक काठी पण केली, ५, १०, १५ लिटरला चाकूच्या खाचा, ती डिकीत जॅकशेजारी असते. महिन्यानं एकदा काठी आणि काटा ताडून बघितले, दोघं जुळले. पुढच्या रविवारी परत जोतिबाला गेलो तेव्हा आत्यानं गाडीत बसायच्या आधी काठी मागितली, स्वतः बघितली, खाच मोजली आणि मगच पदर खोचून आत बसली.